धार खाली, मूठ वर

वेंगुर्ले, ६ मे

दादा,

फोन तू उचलत नाहीस. मेसेजला दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे शांतता. म्हणून हे पोस्टाने. तू नाही फोडलंस तर वहिनी फोडील.

बाबांच्या हाताला लागलं. तसं फार नाही, अंगठ्याच्या मुळाशी टाके पडलेत. हत्यारांच्या गोणत्यात हात घालून रंधा शोधत होते, रुंद पटाशी लागली. होड्यांचं काम तर किती वर्षांत नाही, पण हत्यारांना धार लावायची ती लावतातच. हल्ली त्यांना जरा कमी दिसतं. वयच झालं.

मी गोणता उचलून माळ्यावर टाकला. तेव्हापासून त्यांना घरात बसवत नाही. घरभर भिंती चाचपत फिरतात. परवा मी काजू केंद्रातल्या कामावरून आले, तर ते स्टुलावर चढून माळ्याकडे हात लांबवत होते. काल स्वयंपाकघराच्या दाराचं बिजागर चमच्याने सोडवत बसले होते. म्हटलं, "बाबा, ह्यां काय?" तर म्हणाले, "दार घासता खाली." दार कधीच घासत नव्हतं, आता घासतं.

"माझी हत्यारां खंय ठेयलंस?" सकाळी एकदा, जेवताना एकदा, दिवेलागणीला एकदा. मी म्हणते, हात बरा होऊ दे. ते म्हणतात, "हाताक लागला म्हणान हात कापून टाकतलंस?"

तर मी ठरवलंय की हत्यारं ठेवायला काहीतरी करायचं. गोणत्यात नाही, पेटीत नाही. असं काही, की हात घातला की हवं ते हत्यार मिळेल आणि रक्त निघणार नाही. काजूची कलमं बांधून माझा हात चाकूला सरावलाय, पण सुतारकी वेगळी. तुझा हात चांगला. लहानपणी होडीच्या फळीवर तू मारलेली रेघ बाबा पुन्हा तपासायचे नाहीत, हे मी पाहिलंय. एक ओळ लिहून पाठव, कसं करू ते. बाबांशी बोलू नकोस हवं तर.

मे संपायच्या आत व्हायला हवं. का ते विचारू नकोस.

किशोरी


वेंगुर्ले, १५ मे

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. मी सुरुवात केली, आणि पहिलंच फसलं.

फोनवर एक व्हिडिओ पाहिला. भिंतीवर प्लायवूडची फळी, तिच्यावर खिळे आणि पट्टे, प्रत्येक हत्याराच्या मागे पांढऱ्या रंगाने त्याचा आकार रंगवलेला. करवत काढली की तिची सावली मागे राहते, म्हणजे परत कुठे लावायची ते कळतं. फार आवडलं मला. दोन संध्याकाळी बसून रंगवलं. लाकूड तासायच्या वाकसाचा बाक, रंध्याची पाठ, गिरमिटाचा पीळ, सगळं हुबेहूब. बाबा जिथे होड्या बांधायचे त्या मांगराच्या भिंतीवर ठोकलं, लांबून पाहिलं, फोटोही काढला. मग बाबांना हाताला धरून आणलं आणि म्हटलं, "बघा."

ते उभे राहिले. मी पण. मग माझ्या लक्षात आलं की मी काय बोलले ते.

दादा, मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. जरा कमी दिसतं असं नाही. त्यांना काहीच दिसत नाही. काचबिंदू होता, कळेपर्यंत उशीर झाला. कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही. उजव्या डोळ्याला ऊन आणि सावली एवढं कळायचं, दिवाळीनंतर तेही गेलं. तुला सांगू नको, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. ती मी आज मोडली.

तर ते भिंतीपुढे उभे होते. हात उचलून त्यांनी फळीवरून फिरवला, मधल्या पट्ट्याला धक्का लागला आणि अरुंद पटाशी सुटून खाली आली. पायाच्या बोटापासून चार बोटांवर मातीत रुतली. त्यांनी आवाजावरून ओळखलं. खाली वाकून मूठ शोधली, उपटली आणि माझ्या हातात दिली.

"भिंतीवरचां चित्र कोणाक दाखवतलंस?" एवढंच म्हणाले. रागाने नाही. म्हणूनच मला रडू आलं.

फळी मी त्याच दिवशी उतरवली. हत्यारं मात्र माळ्यावर नेली नाहीत. ते पुन्हा स्टुलावर चढतील आणि पडतील, याची भीती जास्त वाटली. मांगराच्या कोपऱ्यात टोपलीखाली झाकून ठेवलीत. त्यांना कळलंय. मी कामावर गेले की काय करतात कोण जाणे. केंद्रात कलमं बांधताना माझं लक्ष लागत नाही, आज दोन डोळे वाया घालवले. काजूचे.

किशोरी


वेंगुर्ले, २८ मे

दादा,

दुसरंही फसलं. त्याबद्दल थोडक्यात. उथळ खोकं, आत खण, प्रत्येक खणात एक हत्यार आडवं. मला वाटलं, आडवं पडलेलं हत्यार कोणाला लागणार? बाबांनी वरून हात टेकवला तो थेट पात्यावर. यावेळी कापलं नाही, कारण मी मनगट धरलं होतं.

"हत्याराक धारेन वळखतत काय गो?" म्हणाले. "मुठीन वळखूचा. धार खाली, मूठ वर."

मग त्यांनी पहिल्यांदा मला हत्यारं ओळखून दाखवली. टोपली काढली, मी एकेक मूठ त्यांच्या तळव्यावर ठेवली. ही खैराची. ही शिवणीची, हिला खालच्या अंगाला गाठ आहे. हिला आईच्या साडीची चिंधी गुंडाळली होती, तिचे दोरे अजून लाकडात अडकलेत. एकही चुकलं नाही. मी खोक्यावर खुणा कोरणार होते, पहिल्याला एक रेघ, दुसऱ्याला दोन. म्हणाले, "मोजीत बसतलंय काय मी? मुठी काय मेल्यो?"

संध्याकाळी ते घरात गेल्यावर मी ओढणी डोळ्यांना बांधली आणि स्वतः बसले. पटाशी काढणं सोपं होतं. ठेवणंच जमेना. पात्याचं टोक हवेत फिरत राहतं, खाच कुठे ते कळत नाही, आणि मग आपण दुसऱ्या हाताने खाच शोधायला जातो. बाबांचा अंगठा तसाच कापला असणार, मी लिहिलं तसा रंधा शोधताना नाही, पटाशी परत ठेवताना. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "आता कळला तुका."

म्हणून आता असं करतेय. नीट वाच, तुला चूक दिसली तर कळव.

फणसाच्या दोन फळ्या. मांगरात आड्यावर पडल्या होत्या, तूच चिरून ठेवल्या असशील. त्या समोरासमोर उभ्या धरायच्या आणि मध्ये लाकडाच्या उभ्या पट्ट्या. दोन पट्ट्यांमधली मोकळी जागा म्हणजे एका हत्याराचं घर. फळ्यांची उंची सगळ्यात लांब पात्यापेक्षा जास्त, म्हणजे धार कुठूनच बाहेर येणार नाही. तळ उघडा, कारण भुसा साचला आणि खारी हवा लागली की गंज चढायला वेळ लागत नाही. आणि मागची फळी पुढच्यापेक्षा वीतभर उंच. हे बाबांनी सुचवलं. पात्याची पाठ त्या उंच फळीला टेकवायची आणि खाली सरकवायचं, ते आपोआप घरात जातं. घराचं तोंड रुंद, पोट अरुंद.

मी मनात क्रम लावला होता, लहानापासून मोठ्यापर्यंत. दिसायला छान. बाबा म्हणाले, होडीला लहान-मोठं कळत नाही. आधी काय लागतं, मग काय लागतं, तसा क्रम लाव.

आज यमुनाबाई आल्या होत्या. बंदरावर मासे विकतात त्या, शेजारच्या. त्यांची होडी लाकडाची आहे, तळाकडच्या दोन फळ्या कुजल्यात. "फायबरच्या होड्यांवालो हात लावणा नाय," म्हणाल्या. "म्हणता, जाळा आणि नवीन घेवा. मेस्त्रीनू, तुमी बघशात?"

मी मध्येच म्हटलं, "यमुनाबाई, बाबांना दिसत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

"डोळे गेले. हात खंय गेले?"

मला बाबांची बोटं दिसली. मांडीवर ती फळीची जाडी मोजत होती.

मी नाही म्हणून टाकलं, दादा. त्या होडीतून त्यांचा मुलगा चंदन समुद्रात जातो. आंधळ्या माणसाने बसवलेली फळी भर दर्यात सुटली तर? मी तेव्हा इथे नसले तर? हे वाक्य लिहायचं नव्हतं. खोडत नाही आता.

किशोरी


वेंगुर्ले, १४ जून

दादा,

झालं. हत्यारांचा ठोकळा उभा राहिला एकदाचा. पण ते सांगायच्या आधी दुसरंच सांगायला हवं, नाहीतर हे पत्र मी पुन्हा फाडीन. दोन फाडून झाली.

मला दापोलीला कायमची जागा मिळाली आहे. रोपवाटिकेत. इथे मी इतकी वर्षं रोजंदारीवर कलमं बांधतेय, हे तुला माहीत आहे. आधी मे संपताना हजर व्हायचं होतं, मी विनंती करून पहिली जुलै करून घेतली. बाबांना सांगितलं नव्हतं. मला वाटलं, हत्यारांची सोय झाली, हात गुंतला, म्हणजे ते दिवसभर भिंती चाचपत फिरणार नाहीत आणि मग मला जाता येईल. खरं म्हणजे मी त्यांच्यासाठी करत होते की माझ्यासाठी, हे मला रंधा मारताना कळेनासं व्हायचं. लाकडाच्या पापुद्र्यांचा ढीग पायाशी पडायचा आणि मला वाटायचं, आपण आपली सुटायची वाट तासतोय.

गेल्या रविवारी पट्ट्या बसवत होते. बाबा बाजूला बसून प्रत्येक घरात बोट घालून तपासत होते. एका घराचं तोंड मी घाईने कापलं होतं, कड खरखरीत. म्हणाले, "ह्यां परत कर."

मी म्हटलं, "चलात तितक्या. वेळ नाय."

"कसलो वेळ नाय?"

मी कानस घासत राहिले.

"पहिली जुलै आसा मा अजून?"

माझ्या हातातली कानस तिथेच थांबली. "तुमका कोणी सांगल्यान?"

"मागीलदारी उभी ऱ्हवान फोनवर बोलतस. मी आंधळो झालंय, भैरो नाय."

"मगे बोललात कित्या नाय?"

"तू सांगूक नाय, मी इचारूक नाय." मग म्हणाले, "ह्यां तू माझ्यासाठी करणस नाय. तुका जावूचा आसा म्हणान करतस. माका ठावक आसा."

मला काय झालं कोण जाणे, मी ओरडले. म्हटलं, हो, जायचंय मला. आई गेल्यापासून मी या घराच्या बाहेर एक रात्र काढलेली नाही. दादा निघून गेला, त्याला तुम्ही चारचौघांत बादल्या करणारा म्हटलात, तो गेला तो गेला, आणि मी राहिले. मी काय म्हणून राहिले ते मला कोणी विचारलं?

हो, तुझं नाव घेतलं. बंदरावर त्या दिवशी तू फायबरच्या होड्यांच्या कारखान्यात जातो म्हणालास आणि तुमचं जे झालं, त्यानंतर या घरात तुझं नाव असं मोठ्याने कोणी घेतलं नव्हतं.

बाबा माझं संपेपर्यंत थांबले. मग त्या खरखरीत घराच्या तोंडावर पुन्हा अंगठा फिरवला.

"जा," म्हणाले. "पण ह्या घराचा तोंड नीट करून जा. हडेच माझो हात रोज येतलो."

मी नीट केलं. दादा, दुसऱ्या दिवशी इतकं शांत काम झालं आमचं! भांडण झालं म्हणूनच की काय. शेवटी एकच अडचण उरली. बाबांना वाकसही त्यातच हवा होता, आणि वाकस टाकला की सगळं पुढे कलंडायचं. ते हट्टाला पेटले, मागे दगड बांध म्हणाले. मी ऐकलं नाही. खाली दोन्ही बाजूंना फाकवलेले पाय जोडले, आणि वाकसाला बाजूला टायरच्या पट्ट्याचा फास दिला, धार आत, लाकडाच्या गालाकडे. त्यांनी दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. जोर लावून पाहिलं. हललं नाही. "बरा," म्हणाले. बाबांच्या तोंडून बरा हा शब्द सुतारकामाबद्दल मी तरी प्रथमच ऐकला. तू ऐकला असशील.

मग काढलं, ठेवलं. काढलं, ठेवलं. रुंद पटाशी, अरुंद पटाशी, फटीत कापूस ठासायची बोथट पटाशी, गिरमिट, कानस. पाठ टेकवायची, सरकवायचं, टक्क. तो आवाज ऐकला की कळतं, हत्यार घरात गेलं. मी चहा करायला आत गेले तरी टक्क, टक्क चालूच.

संध्याकाळी काठी घेऊन ते स्वतःच यमुनाबाईंच्या दारात गेले.

किशोरी


वेंगुर्ले, २९ जून

दादा,

यमुनाबाईंची होडी आमच्या मांगरात आणली आहे. घराच्या दारापासून मांगरापर्यंत चंदनने जाळ्याची दोरी बांधली, ती धरून बाबा जातात. ठोकळा होडीच्या उजव्या अंगाला. बाबा सरकले की चंदन तो सरकवतो, नेहमी एक हात अंतरावर, आणि सरकवला की तोंडाने सांगतो.

मला भीती होती ती होतीच. म्हणून मी पहिल्या दिवशी कामावर खाडा करून बसून राहिले. कुजलेली फळी त्यांनी बोटांनी वाजवून ठरवली, कुठपर्यंत कापायची ते. चंदन म्हणाला, "काकानू, हडेपर्यंत दिसता बरी." बाबा म्हणाले, "दिसता बरी. वाजता वायट." कापली तर आत वीतभर काळी निघाली.

पण सगळंच जमलं असं नाही, हेही लिहिते. पहिली फळी बसवली, फटी भरल्या, आणि होडी खाडीत उतरवून बांधून ठेवली. सकाळी पाणी आत होतं. बाबा गुडघ्यापर्यंत पाण्यात बसून, हाताने शोधत गेले. एका सांध्यात केसाएवढी फट. चेहरा उतरला त्यांचा. इतके दिवस चढलेली उमेद एका क्षणात खाली आली. मी म्हटलं, बाबा, राहू दे. ते म्हणाले, "तू गप." पाण्यातच बराच वेळ बसून राहिले. मला वाटलं, संपलं. मग चंदनला हाक मारली, "बाहेर काड. परत करूया."

ती फळी पुन्हा निघाली, पुन्हा बसली. या वेळी कोरडी आहे. दुसरी बाकी आहे, ती माझ्यामागे होईल.

उद्या मी निघते. यमुनाबाई दोन वेळचं जेवण बघणार आहेत, आणि त्या ते उपकार म्हणून करत नाहीत, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. तू येशील का, हे मी विचारत नाही. येऊन काय करायचं तेही सांगत नाही. फक्त मी नसेन, एवढं तुला कळवायचं होतं. माझं मन जाग्यावर नाही. बॅग भरते, परत उपसते. काल रुंद पटाशी ठोकळ्यातल्या तिच्या घराबाहेर राहिली होती, होडीच्या काठावर. मी ती आत टाकली आणि तिथेच उभी राहिले, जणू आणखी काही टाकायचं राहिलंय.

किशोरी


दापोली, २४ ऑगस्ट

दादा,

इथे बरं चाललंय. खोली लहान आहे, खिडकीतून आमराई दिसते. पहिला महिना मला झोपताना कान लावून बसायची सवय होती, बाबा उठले का म्हणून. आता मोडतेय.

निघाले त्या दिवशी बाबा दारापर्यंत आले नाहीत. मांगरात होते. मी पाया पडायला गेले तर डोक्यावर हात ठेवला, केसांत भुसा पडला. "जा, रिक्षा थांबली आसा," म्हणाले आणि मोगरी उचलली. रिक्षा वळणावर जाईपर्यंत ठोकण्याचा आवाज येत होता. एकदाही चुकला नाही.

यमुनाबाईंची होडी नारळी पौर्णिमेनंतर दर्यात गेली. चंदन रोज जातो, रोज येतो. मी रोज फोन करून विचारते, त्या रोज हसतात. आता निवतीकडून कोणी आणखी एक लाकडाची होडी आणून टाकली आहे, बाबांनी तिची दुरुस्ती घेतली. चंदन मासेमारीला जातो, त्यामुळे काम अडतं, तरी चालू आहे.

हे सगळं मी तुला फोनवर ऐकलेलं लिहितेय. पण एक गोष्ट अशी आहे की जी तुला माझ्याआधी ठाऊक आहे.

यमुनाबाई म्हणाल्या, गेल्या रविवारी तू आला होतास. मोटरसायकल रस्त्यावर लावलीस आणि आमच्या कुंपणाच्या बाहेर उभा राहिलास. बाबा मांगरात एकटे काम करत होते. यमुनाबाईंनी तुला ओळखलं, पण हाक मारली नाही, कारण तुझा चेहरा हाक मारण्यासारखा नव्हता, असं त्या म्हणाल्या. तू बाबांना पटाशी काढताना पाहिलंस, ठेवताना पाहिलंस. मोठी फळी त्यांनी एका हाताने आणि गुडघ्याने पेलून धरली होती, ती दोनदा घसरली तेही पाहिलंस. मग तू गेलास.

गाडी सुरू झाली तशी बाबांनी विचारलं, "कोण होतो तो?"

यमुनाबाई म्हणाल्या, "कोण नाय. पर्यटक."

बाबांनी फळी खाली ठेवली. "पर्यटक तासभर गप ऱ्हवणत नाय," म्हणाले. "फोटो काढतत आणि जातत."

बाबांनी रस्त्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "परत इलो तर त्येका सांग, फळी धरूक माणूस होयो."

त्यांनी तुला बोलावलंय, असं मी म्हणत नाही. फळी धरायला माणूस हवा आहे, एवढंच. रविवारी ते सकाळी लवकर बसतात. फाटक ढकललं की उघडतं.

किशोरी